पिशवी हरवली त्या दिवसाची तारीख

आई मंचरहून वडापने घोडेगावला आली आणि उतरताना तिची कापडी पिशवी गाडीतच राहिली. पिशवीत आधारकार्ड, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक होतं. पासबुकाच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड, दोन पासपोर्ट फोटो, सातबाऱ्याची झेरॉक्स आणि वडिलांच्या नावाचं जुनं खरेदीखत. सगळं दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून वरून लाल रबर लावलेलं. एटीएमचा पिन आईच्या लक्षात राहत नाही, म्हणून मीच तो पासबुकाच्या शेवटच्या पानावर निळ्या पेनाने लिहून दिला होता.

पहिले दोन दिवस आम्ही गाडी शोधण्यात घालवले. स्टँडवर विचारलं, ओळखीच्या चालकांना फोन केले. शेजारी म्हणाले, "कागदं काय, परत निघत्यात." तिसऱ्या दिवशी बँकेत गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हरवलं कधी आणि कळवताय कधी?" खात्यातले पैसे सुदैवाने शाबूत होते. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हरवल्याची तारीख आमच्या तोंडात होती, कागदावर कुठेच नव्हती.

कागदपत्रं हरवल्यावर बहुतेक लोक नवीन कागद कसे मिळतील या काळजीत पडतात. ते मिळतात. खरी धडपड वेगळी आहे. तुमच्या नावाने कोणी सिम घेतलं, कर्ज उचललं, खातं उघडलं, तर त्या दिवसाच्या आधीची एक तारीख तुमच्या हातात हवी. कागद माझ्याकडे नव्हते, आणि ते नव्हते हे मी तेव्हाच कळवलं होतं, असं सांगणारी तारीख. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिल्या अर्ध्या तासात पोलीस ठाण्यात जायचं नसतं. आधी एटीएम कार्ड बंद करायचं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो आणि कार्डच हरवलेलं असतं, म्हणून तो आजच घरातल्या दोन मोबाइलमध्ये साठवून ठेवा. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. मोबाइलही गेला असेल तर त्याच दमात सिम बंद करायला सांगा, कारण ओटीपी त्या सिमवर येतात. पोलीस तक्रार झाल्यावर 'संचार साथी' पोर्टलवरून हँडसेटही बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. तो खोक्यावर आणि बिलावर असतो, किंवा चालू फोनवर *#06# दाबलं की दिसतो. आहुपे किंवा हातवीज या डोंगरी गावांच्या बाजूला राहणाऱ्यांना यातलं काही रेंजमध्ये आल्याशिवाय करता येत नाही. तेव्हा घोडेगाव किंवा जुन्नरला पोचल्यावर चहाच्या आधी हे दोन फोन करा.

खात्यातून पैसे गेलेले दिसले तर 1930 वर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर ग्राहकाला नुकसान सोसावं लागत नाही. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा नियम लागू झाला. मात्र पिन लिहून ठेवला असेल किंवा ओटीपी सांगितला असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो, आणि कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी येतं. ते निळं पेन मला अजून टोचतं ते यासाठी.

मग पोलीस ठाणं. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव यांपैकी तुमच्या हद्दीतलं. कागद हरवले असतील तर गहाळ दाखला मिळतो. चोरीला गेले असतील तर तक्रार चोरीचीच द्या. 'गहाळ' लिहा, लवकर होईल, असं कोणी सुचवलं तरी पाकीट कापलेलं असेल तर ते कापलं असंच लिहा. हरवल्याची नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरूनही करता येते.

अर्ज मोघम लिहू नका. 'माझी सर्व कागदपत्रे हरवली' या वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. कोणता कागद, त्याचे शेवटचे चार आकडे, बँकेचं आणि शाखेचं नाव, कोणत्या गाडीतून, कुठून कुठे, किती वाजता हे सगळं लिहा. शेवटी एक वाक्य हमखास घाला: 'या कागदपत्रांचा आजपासून माझ्या नावे कोणी वापर केल्यास तो माझ्या संमतीशिवाय झालेला आहे.' दाखल्यावर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख आहे ना हे तिथेच पाहून घ्या. त्याच्या पाच झेरॉक्स काढा. बँक, पतसंस्था, पुरवठा शाखा, जिथे जाल तिथे एक द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या.

पिशवीतल्या कागदांत माझ्या मते सगळ्यात जपायची गोष्ट आधारचा क्रमांक आहे. कार्ड पुन्हा छापून मिळतं, क्रमांक मात्र बदलून मिळत नाही. तो आयुष्यभर तोच. आपल्याकडे गावोगाव बँक मित्राच्या यंत्रावर पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच पुरतं. पिन नाही, ओटीपी नाही. अंगठा कोण चोरणार, असं वाटतं. 2018 साली तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठे उतरवून रबराचे ठसे बनवले आणि त्यांवर सिम चालू केली. बऱ्याच खरेदीखतांवर आधार क्रमांक असतो आणि अंगठाही असतो. आईच्या पिशवीत आधारकार्ड आणि खरेदीखत शेजारीशेजारी होतं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. आधारचं ॲप किंवा 'माय आधार' पोर्टल उघडून बायोमेट्रिक लॉक करा. मग तुमच्या बोटांचे ठसे कोणत्याच यंत्रावर चालत नाहीत. जमत नसेल तर 1947 वर फोन करा, तिथे मराठीतून मदत मिळते. 'माय आधार' पोर्टलवरच 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' पाहता येते. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं याची ती यादी असते. तुम्ही ज्या दिवशी कांदा लावत होता त्या दिवशी कुठल्याशा यंत्रावर तुमचा अंगठा लागलेला दिसला, तर ते पान छापून घ्या आणि तक्रारीला जोडा.

एक अडचण आधीच सांगतो, नाहीतर लॉक केलं आणि रेशन अडलं असं होईल. बायोमेट्रिक लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा लागत नाही. दुकानात उभं राहून लॉक तात्पुरतं उघडायचं, ते दहा मिनिटं उघडं राहतं आणि आपोआप बंद होतं. किंवा कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाने अंगठा द्यायचा. खुरपून खुरपून आईच्या बोटांच्या रेषा पुसल्यात. तिचा अंगठा उमटायला चार-चार वेळा दाबावा लागतो. म्हणून आमच्याकडे तिचं आधार कायम लॉक आणि रेशनला धाकटी वहिनी जाते. बँक मित्राकडून पैसे काढायची सवय नसेल तर ती आधारवरची सोयच बंद करा, असा साधा अर्ज बँकेत देता येतो.

लॉक करायला ओटीपी लागतो आणि इथेच खेड्यातली खरी गाठ आहे. कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्यांचा नाहीच. तो कॅम्प घेणाऱ्या पोराचा असतो, मुंबईला गेलेल्या भाच्याचा असतो, किंवा रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेला असतो. बंद पडलेले नंबर काही महिन्यांनी कंपन्या दुसऱ्याला देतात. म्हणजे तुमचा ओटीपी आज कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जात असेल. कागद हरवलेले नसतानाही हे एक काम या आठवड्यात करा. आधार केंद्रात जा किंवा पोस्टमनला विचारा. पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन 2021 पासून आधारला मोबाइल जोडून देतात. नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या, जो रात्री जेवायला त्याच घरात असतो.

आणखी दोन ठिकाणी नजर टाका. संचार साथीवर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर 'माझा नाही' म्हणून तिथेच कळवता येतो. आणि 'माय आधार'वर 'बँक सीडिंग' पाहा. लाडक्या बहिणीचे, पीएम किसानचे पैसे आधार ज्या बँकेला शेवटी जोडलं गेलं तिथे जातात. कुणी तुमच्या कागदांवर नवीन खातं उघडून तिथे आधार जोडलं, तर हप्ते गुपचूप तिकडे वळतात आणि आपण मात्र सरकारने थांबवले म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहतो.

कर्जाचं कळायला मात्र उशीर लागतो. 2020 च्या जानेवारीत कल्याणजवळच्या आंबिवलीतल्या एका रोजंदारी मजुराला एक कोटी पाच लाखांची आयकराची नोटीस आली. त्याच्या पॅनवर कोणीतरी भलत्याच फोटोने आणि सहीने बँक खातं उघडलं होतं आणि नोटाबंदीच्या काळात त्यात लाखो रुपये भरले होते. म्हणजे गुन्हा घडून जवळपास तीन वर्षांनी त्याला पत्ता लागला. पॅन हरवलं असेल तर आयकराच्या पोर्टलवर आपलं वार्षिक माहितीपत्रक वर्षातून एकदा तरी पाहा. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून आपल्या नावावर कुठला धंदा नोंदलाय का तेही कळतं. हरवलं म्हणून नवीन क्रमांकाचं पॅन मात्र काढू नका. दोन पॅन ठेवल्यास दहा हजारांचा दंड आहे. जुन्याच क्रमांकाचं कार्ड पुन्हा छापून मागवा.

देशात कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चौघींचे एकदम काढू नका. तीन-तीन महिन्यांनी एकेक काढा, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा संशय असेल तर क्रिफपासून सुरुवात करा. चुकीचं कर्ज दिसलं तर तिथेच हरकत नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पण आपल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत अर्धा व्यवहार पतसंस्थांत चालतो. पतसंस्थेचं कर्ज या अहवालांत बहुधा उमटत नाही. तुमच्या झेरॉक्सवर तुम्हाला कर्जदार केलं नसेलही, पण जामीनदार केलं असू शकतं. ते कळतं ते वसुलीची नोटीस दारात आल्यावर. म्हणून गहाळ दाखल्याची एक प्रत आणि दोन ओळींचा अर्ज गावच्या आणि बाजारपेठेच्या गावातल्या पतसंस्थांमध्ये देऊन ठेवा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची.

जमिनीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे माणसाची ओळख म्हणजे त्याचा सातबारा. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेच्या आणि धरणांच्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनींचे भाव कुठे गेलेत ते मी सांगायला नको. मालक मुंबईत, जमीन पडीक, आणि तोतया मालक उभा करून खरेदीखत, हा प्रकार नवा नाही. ज्याच्या हाती तुमचं आधार, फोटो आणि जुनं खरेदीखत एकत्र लागलं, त्याचं अर्धं काम झालं. तरीही खरेदीनंतर सातबाऱ्यावर नाव चढायला फेरफार लागतो. फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. ही नोटीस 'आपली चावडी' या सरकारी पानावर गाव निवडून घरबसल्या पाहता येते. कागद हरवल्यापासून पुढचे सहा महिने दर रविवारी ते पान उघडा. दोन मिनिटांचं काम आहे. मुंबई-पुण्याला असलेल्यांनी तर हे पान कायमच पाहत राहावं. आपल्या गटाची अनोळखी नोंद दिसली तर त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठी भाऊसाहेबांकडे, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी हरकतीला तारीख नसते. हरवलेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. दस्ताचा क्रमांक आणि वर्ष आठवत नसेल तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोधता येतं.

बाकी कागद मिळवणं कष्टाचं असलं तरी अवघड नाही. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत, जातीचा दाखला मंचरच्या प्रांत कार्यालयात, मतदार कार्डासाठी आठ नंबरचा फॉर्म, वाहन परवाना पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे. शाळा सोडल्याचा दाखला शाळेच्या रजिस्टरवरून.

कधी कधी मात्र सगळेच कागद एकदम जातात. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. 151 माणसं गेली. जी वाचली त्यांच्या घरांबरोबर कागदही चिखलाखाली गेले. अशा वेळी माणूस आपण कोण हे सांगायला उभा राहतो तेव्हा उपयोगी पडते ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या दप्तरात असलेली नोंद. शाळेचं रजिस्टर, तहसीलची यादी, बँकेचा फॉर्म. आजच्या काळात तसं दुसरं दप्तर म्हणजे डिजिलॉकर. सरकारी खात्याने त्यात दिलेला परवाना किंवा गुणपत्रिका मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरावी असा नियम आहे. दरडीच्या छायेतल्या गावांत राहणाऱ्या प्रत्येक घराने ते उघडून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट, जी ऐकून लोकांना पटत नाही. तुमचे कागद हरवलेले नसले तरी ते बाहेर फिरत असतात. झेरॉक्सच्या दुकानात आपण आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि प्रिंट घेऊन निघतो. फोटो त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहतो. दुकानदार प्रामाणिकच असतो, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कितीजण बसतात? समोर उभं राहून फाइल पुसायला सांगा. त्यात कोणाला राग येण्यासारखं काही नाही. नारायणगावच्या अड्ड्यावर कामाला येणाऱ्या मजुरांकडून काही मुकादम मूळ आधारकार्डच ठेवून घेतात. मूळ कार्ड कोणालाही ठेवून घेऊ देऊ नका. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहा, अक्षरं फोटोच्या कडेला भिडतील अशी. आणि जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

कागद हरवल्यावर काही दिवसांत एखादा फोन येतो. तुमच्या आधारवर सिम निघालंय, गुन्हा दाखल झालाय, व्हिडिओ कॉलवर थांबा. पलीकडच्याला तुमचा क्रमांक, जन्मतारीख, गाव सगळं पाठ असतं, म्हणून तो खरा वाटतो. व्हिडिओवर अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवा आणि 1930 वर सांगा. पीएम किसान किंवा आरटीओ चलान अशा नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका. ती मोबाइलच ताब्यात घेते.

तुमच्या नावाचा वापर झालेला दिसलाच, तर तो साधा घोटाळा नसून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही. सोबत गहाळ दाखला लावा. तुमची तारीख आधीची आहे हे तपास अधिकाऱ्याने पहिल्या पानावर पाहिलं पाहिजे.

आमची पिशवी मिळाली. अकराव्या दिवशी एक चालक स्वतः घरी घेऊन आला. पिशवी सीटखाली सापडली होती आणि आईचं नाव वाचून त्याने गाव शोधत आणलं. आईने त्याला चहा दिला, पोरांसाठी हिरव्या वाटाण्याची पाटी दिली. सगळे कागद जागच्या जागी होते. खरेदीखत, पासबुक, दोन्ही फोटो. शेजारी म्हणाले, आता तो दाखला रद्द करून टाका, बँकेतला अर्ज मागे घ्या.

चालक गेल्यावर आईने दुधाची पिशवी हातात धरून बराच वेळ पाहिली. मग मला म्हणाली, "मी लाल रबर लावला होता. हा हिरवा आहे."

आम्ही अर्ज मागे घेतला नाही.